वारल्यांचे लग्न आणि लग्नगडी

लग्नाच्या चालीरीतींवर बोलायचे म्हटले म्हणजे बोलणाऱ्याचे निम्मे काम आधीच झालेले असते. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे कुठला ना कुठला मांडव उभा असतोच. त्यातून चिंचणीसारख्या गावात या विषयाला तोटा नाही. वाडवळांच्या हळदीची रीत वेगळी, मांगेल्यांची वेगळी. भंडाऱ्यांचे मानपान वेगळे. गुजराती वाण्यांची वरात वेगळी. आणि पारशी घरांतले लग्न दिवेलागणीच्या सुमाराचे. एवढ्यावरच दोन संध्याकाळी सहज निघतील. परंतु आम्ही ती वाट धरणार नाही. चिंचणीहून निघून वाणगावला रेल्वेचे रूळ ओलांडले की पुढे डोंगरापर्यंत जे पाडे पसरले आहेत, त्या पाड्यांवरच्या वारली लोकांच्या लग्नाविषयी आम्हांला बोलायचे आहे.

त्याला कारण एक शब्द आहे. ‘लग्नगडी’ हा तो शब्द. आज तो बोलण्यात राहिलेला नाही. तरुण मंडळींना विचारले तर ती म्हणतील, लग्नात पाणी भरणारा, पत्रावळी उचलणारा गडी असेल. तसे नव्हे. स्वतःच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जो जमीनदाराच्या घरी गडी म्हणून राहिला, आणि ज्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही राहिली, तो लग्नगडी. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत, म्हणजे आपल्या उंबरठ्यावर, हा शब्द १९४५ सालापर्यंत रोजच्या व्यवहारातला होता.

मग साहजिकच प्रश्न येतो. वारल्यांच्या लग्नाला एवढा खर्च तरी कसला येत होता?

लग्न कसे होते ते आधी पाहू. वारल्यांच्या लग्नाला ब्राह्मण लागत नाही. लग्न लावते ती धवलेरी. ही बाई पोथी उघडत नाही. तिला गाणी पाठ असतात आणि त्या गाण्यांच्या क्रमाने लग्नाचे विधी पुढे सरकतात. आपल्याकडच्या आगरी समाजातही धवला गाणारी धवलारीण आहे, आणि तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने रचलेली लग्नगीते ‘धवळे’ याच नावाने प्रसिद्ध आहेत. मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचा मान जिला देतात तिची रचना आणि जंगलपट्टीतल्या निरक्षर बाईची गाणी एकाच नावाने ओळखली जावीत, ही गोष्ट आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते. लग्न लावण्याचा अधिकार बाईकडे असणे ही काही परदेशातून आलेली सुधारणा नव्हे.

लग्नाच्या आधी घराची भिंत शेणाने आणि गेरूने सारवतात. तिच्यावर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकोनाच्या कडेला नक्षीच्या पट्ट्या, आणि मधोमध पालघट देवी. पालघट ही लग्नाची, पिकाची आणि संततीची देवी. ती चौकात आल्यावाचून लग्न लागत नाही. जवळच लहान चौकात पाचशिऱ्या देव घोड्यावर असतो. भोवती ताडाची झाडे, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरणारी माणसे, जनावरे, चंद्र, सूर्य. भगताच्या अंगात देव येतो, चौकावरचे झाकण दूर होते. हळद, गाणी, नाच, भात आणि ताडी यांत दिवस जातात. काही चौक फार सुरेख असतात. पण ज्या घरात ते लिहिले जात त्या घरात पावसाळ्यात खायला काय असे, हेही चौक पाहणाऱ्याने लक्षात ठेवावे.

देण्याघेण्याची रीत आपल्या उलट होती. मुलीचा बाप हुंडा देत नसे. मुलाकडून त्याला देज मिळे. मुलगी काम करणारी असते, ती गेली म्हणजे घरातले दोन हात गेले, हा त्यामागचा हिशेब. हुंड्याच्या रीतीत मुलीला ओझे धरले आहे आणि देजाच्या रीतीत कामकरी धरले आहे. दोन्ही रीतींत मुलीला कोणी विचारत नाही हे खरे. तरी हुंडाबंदीचा १९६१ चा कायदा कोणासाठी करावा लागला, हे विसरून वारल्यांना शहाणपण शिकवायला जाऊ नये.

देज द्यायला पैसा नसेल तर? त्याला वारल्यांच्या चालीतच दोन वाटा होत्या. पहिली, घरजावयाची. मुलगा सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबे आणि त्या श्रमातून देज फिटे. दुसरी वाट आपल्या मध्यमवर्गीय मंडळींना चमत्कारिक वाटते. मुलगा-मुलगी पाड्याच्या संमतीने एकत्र राहू लागत, संसार करीत, त्यांना मुलेबाळे होत, आणि लग्नाचा विधी पुढे केव्हातरी, हाताशी दाणे आणि पैसे आल्यावर होई. बाप आणि मुलगा यांची लग्ने एकाच मांडवात लागल्याची उदाहरणे आहेत. त्या मुलांना कोणी अनौरस म्हणत नसे. म्हणजे गरिबाला कर्ज न काढता संसार मांडता यावा, एवढी सोय या समाजाने आपल्या चालीत करून ठेवलेली होती.

असे असता ‘आदिवासी लग्नात पैसा उधळतो आणि म्हणून कर्जात बुडतो’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. हे वाक्य आदिवासींपुरतेही नाही. शेतकऱ्याविषयी तेच म्हणतात, गिरणी कामगाराविषयी तेच म्हटले गेले. त्याला उत्तर फार जुने आहे आणि ते एका सरकारी कमिशननेच दिलेले आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावापासून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने लिहून ठेवले की, रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला फाजील महत्त्व देण्यात आले आहे. असे प्रसंग क्वचित येतात, आणि वर्षांच्या हिशेबात तो खर्च त्या माणसाच्या ऐपतीला शोभेल असाच असतो. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या कमिशनने जे मान्य केले ते आपल्यातले सुशिक्षित लोक अजून मान्य करीत नाहीत.

मग वारल्याला रोख पैसा लागू लागला तो कशाने? आमचे बोट १८७८ या सालाकडे जाते. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आणि दुसरा हिंदुस्थानचा जंगल कायदा. लग्नाला ताडी लागे, आणि ताड-शिंदीची झाडे पाड्याभोवतीच उभी होती. अबकारी कायद्याने झाडागणिक कर आणि परवाना आला. जी वस्तू झाडावर चढून उतरवायची तिला आता पैसे पडू लागले. जंगल कायद्याने राखीव जंगले आखली गेली आणि मांडवाच्या लाकडापासून चुलीच्या जळणापर्यंत प्रत्येक गोष्ट शिपायाच्या मर्जीवर आली. पुढे १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला, त्याने मोहाची फुले साठवण्यावरही बंधन घातले. म्हणजे मांडव, जळण, दारू, सगळे पूर्वी जंगलातून येत होते ते आता रोखीने यायला लागले. त्याच सुमारास रेल्वेच्या पाठोपाठ व्यापारी आणि मक्तेदार आत शिरले, आणि बघता बघता वारल्यांच्या जमिनी त्यांच्या नावावर चढल्या. चाल होती तीच राहिली. तिची किंमत मात्र दुसऱ्यांनी वाढवली.

इथे आम्हांला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. हे व्यापारी-जमीनदार कुठल्या परमुलुखातले नव्हते. किनारपट्टीच्या गावांत त्यांची घरे होती. देवळांना, शाळांना त्यांनी देणग्या दिल्या आहेत आणि त्या देणग्यांचे चांगले फळ आपण सर्वांनी खाल्ले आहे. मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना गवत लागे, ते आपल्या भागातून जाई. गवत कापायला दिवाळीच्या मागेपुढे एकदम शेकडो हात लागत आणि ते हात स्वस्तात मिळायला हवे असत. लग्नाच्या कर्जाचा इतिहास या गवताच्या गंजीपाशी येऊन थांबतो.

जमीनदाराला गडी हवा होता. वारल्याला लग्न लांबणीवर टाकता येत होते, पण कायमचे टाळता येत नव्हते. चौकापुढे बसल्यावाचून नवराबायकोला देवाधर्मात पुरता मान नव्हता. ही अडचण जमीनदाराने नेमकी ओळखली. शंभर-दोनशे रुपयांच्या आतबाहेरची रक्कम तो आपण होऊन पुढे करी. बोली अशी की कर्ज फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी व शेतावर राबावे. राबण्याबद्दल मिळे ते पोटापुरते धान्य आणि अंगावरचे फडके. राबणे मुद्दलात वळते होत नसे. ते व्याजापोटी धरले जाई. तेव्हा मुद्दल फिटणार कशातून? आम्ही हिशेबाची कामे पुष्कळ केली आहेत. मालकांचे ताळेबंद वाचायला आम्ही कामगारांच्या बैठकांत बसून शिकलो. परंतु इतका साधा आणि इतका भयंकर हिशेब आम्ही दुसरा पाहिला नाही. त्यात एकच रकाना होता.

घरजावयाची चाल आणि लग्नगड्याची बोली शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत लग्नासाठी श्रम द्यायचे आहेत. पण घरजावयाच्या श्रमाला मुदत होती आणि शेवटी त्याचा स्वतःचा संसार होता. आमच्या मते जमीनदाराने वारल्यांचीच ओळखीची चाल उचलली आणि तिच्यातली मुदत तेवढी काढून टाकली. म्हणून ती बोली स्वीकारताना वारल्याला आपण गुलामगिरीत चाललो असे पहिल्या दिवशी वाटत नसावे.

याची सरकारला खबर नव्हती असे नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. त्या दशकाच्या अखेरीस डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आदिवासी भागांची पाहणी करून अहवाल दिला. वेठ, मारहाण आणि लग्नाच्या कर्जातून आलेली गुलामी, सगळे त्यात आहे. अहवाल छापला गेला, आणि लग्नगडी होते तिथेच राहिले.

हा प्रकार एकट्या आपल्या भागातला नाही. उंबरगावच्या उत्तरेला सुरत जिल्ह्यात दुबळा जातीचा शेतमजूर लग्नासाठी अनाविल जमीनदाराकडून पैसे घेई आणि त्याचा ‘हाली’ होई. बिहारात ‘कमिया’ होता. त्याच्या करारांना आळा घालण्यासाठी १९२० साली बिहार-ओरिसात कायदा करावा लागला. आणखी दूर, आफ्रिकेत नायजेरिया देशात पाहा. तिथली लग्ने आपल्यासारखीच गावजेवणाची. नातेवाईक एकाच कापडाचे कपडे शिवून मांडवात येतात आणि मुलीकडच्यांना वधूमूल्य मिळते. तिथल्या योरुबा लोकांत ‘इवोफा’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी किंवा मर्तिकासाठी कर्ज घेणारा आपले श्रम गहाण टाकी आणि ते श्रम व्याजापोटी जात. मुद्दल तसेच उभे राही. फरक एवढाच की इवोफा दिवसाचा काही भाग सावकाराच्या शेतात काढून उरलेला वेळ स्वतःचे काम करू शके. आपल्या लग्नगड्याला तेवढेही नव्हते. त्याच देशाच्या पूर्व विभागात १९५६ साली वधूमूल्याला कायद्याने तीस पौंडांची मर्यादा घातली. हजारो कोसांवरच्या, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या लोकांत सावकाराला तीच युक्ती सुचते, याचे आम्हांला नवल वाटत नाही. माणूस कर्ज काढायला सर्वांत राजी असतो तो लग्नात.

१९४५ सालची हकीकत आता थोडक्यात सांगतो. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या कामात होते, आणि उंबरगावकडचे मूठभर वारली तिथे गेले होते. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा झाली आणि ठरले की यापुढे वेठ करायची नाही आणि लग्नगडी म्हणून कोणी राहायचे नाही. ठराव कागदावर राहिला नाही. लाल बावटा घेऊन वारल्यांचे जथे जमीनदारांच्या दारांत गेले आणि आतल्या गड्यांना सांगितले, बाहेर या, तुम्ही सुटलात. काही जण तर बाहेर यायलाच घाबरले, यात काय नवल? ज्याने जन्मात मालकाच्या परवानगीवाचून उंबरठा ओलांडला नाही, त्याच्या पायांना सवय कुठली असणार?

मग पावसाळा सरला आणि गवत उभे राहिले. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, ही मागणी घेऊन संप झाला. गवत उभेच्या उभे वाळू लागले. त्या संपात १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. लोक पांगले, पण लग्नगडी पुन्हा जमीनदाराच्या गोठ्यात गेले नाहीत. हा सारा वृत्तांत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आहे. ते १९७० साली निघाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नगड्याच्या बायकोवर जमीनदार कसला हक्क सांगत असे, तेही त्यात आहे. आम्ही ते इथे उगाळत नाही, पण लग्नाच्या चालींचा इतिहास वाचणाऱ्याने ती पाने चुकवू नयेत.

चौकाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सत्तरीच्या सुरुवातीला भास्कर कुळकर्णी या भागात आले आणि त्यांनी बायकांच्या भिंतीवरचे हे लिहिणे कागदावर आणवले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी त्यातून स्वतःची वाट काढली, त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र चहाच्या कपावर आणि विमानतळाच्या भिंतीवर आहे. चांगलेच झाले; त्यावर पुष्कळ घरे चालतात. आमची एवढीच तक्रार आहे की भिंतीवरून चौक सुटून आला, त्याबरोबर ती भिंत कोणाची होती ही आठवण आली नाही.

लग्न उशिरा लावण्याची चालही टिकून आहे. दरवर्षी उन्हाळ्यात पालघर जिल्ह्यात सामुदायिक विवाह होतात आणि त्यांत मुलेबाळे असलेली जोडपी बसतात. वर्तमानपत्रे त्याची बातमी ‘अखेर लग्नबंधनात’ अशा कौतुकाने देतात. आदिवासी विकास विभागाची अशा विवाहांसाठी योजना आहे, तिचे नाव ‘कन्यादान’. ज्या समाजात मुलीचा बाप देज घेतो त्या समाजाच्या लग्नाला सरकारने कन्यादान म्हणावे, हे नाव ठेवणाऱ्याने धवलेरीला विचारले नसावे. तरी पैसे वाचतात, आणि एका कुटुंबाचे कर्ज टळते, म्हणून आम्ही या समारंभांना नावे ठेवत नाही.

कर्ज मात्र टळलेले नाही. त्याचे नाव बदलले, ‘उचल’ झाले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे आदिवासी कुटुंब आधी उचल घेते आणि त्या उचलीत पुष्कळदा एखादे लग्न असते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार कंत्राटदाराकडून उचल घेतो, बहिणीच्या किंवा मुलीच्या लग्नासाठीच. आमच्या युनियनच्या कामात हे रोज दिसते. उचल अंगावर असलेला माणूस जादा कामाचा दुप्पट पगार मागायला येत नाही, सभेला येत नाही, आणि हातमोजे नसतील तर तसाच ॲसिडच्या पिंपाला हात घालतो. कायम कामगाराला ही पाळी येत नाही, कारण १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत लग्नासाठी पैसे काढण्याची तरतूद आहे. स्वतःचे, भावंडांचे, मुलांचे लग्न असो, तो स्वतःच्याच खात्यातून पैसे काढतो. कंत्राटी कामगाराच्या पगारातून निधी कापला जातो, पण तो खात्यात भरला गेला की नाही हे पाहायला तो कचेरीत जाऊ शकत नाही. म्हणून आम्ही अलीकडे लग्नाची उचल मागणाऱ्याला पहिला प्रश्न विचारतो तो मुहूर्ताचा नव्हे, निधीच्या खाते क्रमांकाचा.

आणि उचलीपायी कोणाला कामावरून सुटू देत नसतील, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा उभा आहे. तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला आहे आणि त्याने असले कर्जच रद्द ठरते. एक पैसाही परत करावा लागत नाही. त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्याकडे आहे, आणि जिल्ह्याला व उपविभागाला दक्षता समिती असावी असे त्यात म्हटले आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा आपला वेगळा जिल्हा झाल्यामुळे त्या अर्जासाठी आता ठाण्याला जावे लागत नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यात उचल कधी घेतली, किती घेतली, कोणत्या लग्नासाठी घेतली, आणि त्यानंतर किती दिवस काम केले, एवढे चार रकाने भरावेत. लिहिता येत नसेल तर आमच्या कचेरीत यावे. संध्याकाळी सहानंतर कोणी ना कोणी असतो.